सावलीसाठी रकाना ठेवा: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी विज्ञानाची शिक्षिका आहे. शाळांना आणखी टॅब आणि मोठे पडदे देण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, म्हणून हे पत्र. मला टॅब नको आहेत. मला सलग दोन तास हवे आहेत आणि गुणपत्रकात एक रकाना हवा आहे.

झाले असे. माझ्या वर्गातल्या सहा मुलांनी चंद्रकलांवर अ‍ॅनिमेशनपट करायला घेतला. साहित्य म्हणजे एक दिवा, एक पांढरा चेंडू आणि माझा जुना मोबाईल. चेंडू थोडा सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. सेकंदाला 12 फोटो धरले तर 20 सेकंदांच्या एका प्रदक्षिणेला 240 फोटो लागतात. म्हणजे दर फोटोला चेंडू दीड अंश पुढे गेला पाहिजे. हा भागाकार मी सांगितला नव्हता. पहिल्या प्रयत्नात चंद्र बेडकासारखा उड्या मारत गेला, तेव्हा मुलांनीच कागद आणि कोनमापक काढला.

मोबाईल मधोमध होता. तोच पृथ्वी. अमावास्येपासून सुरुवात केली, अष्टमी छान जमली आणि पौर्णिमेला घोटाळा झाला. मोबाईल आणि तो धरणाऱ्या मुलीचे डोके दिव्याच्या आड आले आणि चंद्रावर ही भली मोठी सावली! मुले वैतागली. एकाने चेंडू चार बोटे वर उचलला, सावली गेली. सगळे खूश. फोटो काढणारी मुलगी मात्र म्हणाली, "असं कसं चालेल? खरा चंद्र थोडाच वर उचलतात?"

त्यानंतरचा अर्धा तास हे माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले शिकवणे होते, आणि त्यात मी जवळजवळ काहीच बोलले नाही. दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही, हा प्रश्न मुलांना त्या सावलीने विचारला. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वर्षानुवर्षे निपचित पडलेले होते. त्या दिवशी ते मुलांनी शोधून काढून मला दाखवले.

हे सारे सुट्टीच्या दिवशी घडले, कारण वेळापत्रकात घडूच शकत नाही. आधी शाळेच्या वेळात करून पाहिले होते, पण पहिल्या तासाला बाके सरकवून, दिवा बांधून, खडूने वर्तुळ आखेपर्यंत घंटा झाली. हातात फोटो होते 19. पुढच्या तासाला दुसरा वर्ग आला, बाके जागेवर गेली, खडू पुसला गेला. तीन दिवसांनी पुन्हा शून्यापासून.

मग तपासणी झाली. गुणांच्या तक्त्यात रकाने होते मांडणी, सजावट, वेळेत सादरीकरण आणि फाईल. फाईल हवीच, म्हणून मुलांनी अ‍ॅनिमेशनपटाचे फोटो छापून वहीत चिकटवले. हलणारा चंद्र असा बसवून ठेवला गेला. शेजारच्या गटाने तयार साच्यात उतरवलेला मजकूर आणि कुठूनसे उचललेले संगीत लावून चकचकीत स्लाइड शो दिला होता. त्याला जास्त गुण मिळाले. त्या मुलांचा मला राग नाही, त्यांनी तक्ता नीट वाचला होता.

तो तक्ता आता आणखी महाग पडणार आहे. एका ओळीच्या आज्ञेवर अख्खी चित्रफीत तयार करून देणारी साधने आली आहेत. गुण फक्त शेवटच्या वस्तूला द्यायचे असतील, तर ते यंत्रालाच द्यावे लागतील. म्हणून रकाना हवा तो आधीच्या कामासाठी: कच्चा आराखडा, फसलेली पहिली आवृत्ती, दुसऱ्या आवृत्तीत काय बदलले आणि का बदलले. मूल हे तोंडी सांगू शकते. पाच मिनिटे पुरतात.

साधनांचे म्हणाल, तर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून 2007 साली आलेले स्क्रॅच, म्हणजे मुलांना ठोकळे जोडून अ‍ॅनिमेशन आणि खेळ बनवता येणारे साधन, मोफत आहे, ध्वनिसंपादनाचे ऑडॅसिटीही मोफत आहे. उलट दक्षिण अमेरिकेतल्या पेरू या देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटण्यात आले, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 319 शाळांच्या अभ्यासात गणित-भाषेच्या गुणांवर त्याचा परिणाम आढळला नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने 1920 च्या दशकात वर्गात एक छोटे छपाईयंत्र आणले. मुले स्वतःचे लेख लिहीत, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत, चुका दुरुस्त करत आणि छापत. यंत्र एकच होते, पण ते मुलांच्या हातात होते. सहा जणांत एक मोबाईल असला की एक दिवा धरतो, एक कोन मोजतो, एक भांडतो. सहा जणांना सहा टॅब दिले की सहा माना खाली जातात. मोठ्या वर्गाला एक मोबाईल पुरणार नाही हे मान्य, पण म्हणून माणशी एक असा त्याचा अर्थ होत नाही.

आणखी एक विनंती, घाईघाईने. मुलांचे चेहरे आणि आवाज पालकांच्या व मुलांच्या संमतीशिवाय शाळेच्या जाहिरातीत वापरले जाऊ नयेत. प्रकल्प वर्गासाठी असतो.

जोडतासाच्या, म्हणजे सलग दोन तासांच्या, परिपत्रकाला खर्च फारसा नाही. त्यात फीत कापण्याजोगे काही नाही, याचीही मला कल्पना आहे.

या पत्रासोबत मुलांच्या अ‍ॅनिमेशनपटाची पहिली आवृत्ती पाठवत आहे. फक्त 20 सेकंदांची आहे. दहाव्या सेकंदाला चंद्रावर सावली येते. ती काढायची नाही, असे मुलांनी ठरवले आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका