‘स्वीकार करा’ हे बटण दाबण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले आणि तू जोडलेली विमान कंपनीची सूचना मी दोनदा नीट वाचली. प्रवासाच्या अकरा महिने आधी, वेळापत्रक खुले होण्याच्या रात्री जागून तू माइल्सवर (म्हणजे विमान कंपनीच्या खात्यात साठवलेल्या गुणांवर) काढलेल्या त्या दोन बिझनेस क्लास तिकिटांचे पहिले उड्डाण आता दोन तास दहा मिनिटांनी उशिरा सुटणार आहे, मधल्या थांब्यावर विमान बदलायला जेमतेम पस्तीस मिनिटे उरत आहेत, आणि पुढच्या लांबच्या टप्प्यावर तुझ्या व वहिनींच्या नावापुढे ‘इकॉनॉमी’ असे छापून आले आहे. एवढी उलथापालथ करून कंपनी तिला ‘आपल्या प्रवासातील किरकोळ बदल’ म्हणते, याचे मला आता आश्चर्यही वाटेनासे झाले आहे. स्वीकारू की रद्द करू, असे तू विचारले आहेस. आज यांपैकी काहीही करू नकोस, एवढेच आधी सांगतो. कारणे सविस्तर लिहितो.

माइल्सवरच्या जागा आणि विकायच्या जागा एकाच केबिनमध्ये असल्या, तरी संगणकात त्यांचे कप्पे निराळे असतात. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या कंपन्या भागीदारांसाठीची बिझनेस क्लासची अवॉर्ड जागा, म्हणजे माइल्सवर मिळणारी जागा, सहसा ‘आय’ या अक्षराखाली ठेवतात, वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात ती ‘यू’खाली असते. त्या कप्प्यात शून्य असेल, तर अर्धी केबिन रिकामी असूनही एजंट तुला जागा देऊ शकत नाही, मग तू कितीही गोड बोल. एरवी हा नियम दगडावरची रेघ असतो. मात्र बदल कंपनीने स्वतः केलेला असेल, तेव्हा तीच रेघ पुसट होते: ज्या उड्डाणात अवॉर्डची एकही जागा दिसत नाही, त्यातही प्रवाशाला मूळ केबिनमध्ये बसवण्याची मुभा कंपन्या आपल्या लोकांना पुष्कळदा देतात. याला ते ‘इनव्हॉलंटरी’ बदल म्हणतात, म्हणजे प्रवाशाने न मागितलेला. तू ‘स्वीकार करा’ दाबलेस, की तुझ्या बुकिंगवर प्रवाशाची संमती नोंदली जाते आणि जे काल हक्काने मागता आले असते, ते उद्या उपकार म्हणून मागावे लागते.

रद्द करण्याचेही तसेच. माइल्स खात्यात परत येतील, भरलेले करही येतील. पण तिकीट काढतानाचा दर परत येणार नाही. डेल्टाने २०१५ मध्ये माइल्सचे छापील तक्ते काढून टाकले, युनायटेडने २०१९ मध्ये स्वतःच्या उड्डाणांपुरते तेच केले, आणि तेव्हापासून अनेक ठिकाणी माइल्सचा दरही पैशांच्या भाड्यासारखा मागणीप्रमाणे वरखाली होतो. रद्द करून पुन्हा काढू म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा जुने माइल्स आणि नवा दर एवढेच उरते.

हे आपल्याच वाट्याला का आले, असे तू थोड्या रागाने लिहिले आहेस. तुझ्यावर कोणाचा डोळा नाही. विमान कंपन्यांचे जागतिक वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. अकरा महिने आधी जे विकले जाते, ते पुष्कळसे मागच्या हंगामाची नक्कल असते. विमानतळांवरच्या वेळा, विमानांची दुरुस्ती, नव्या विमानांचे लांबलेले आगमन यांचा हिशेब नंतर बसतो. म्हणजे अवॉर्डच्या जागेसाठी जो सर्वांत आधी धावतो, त्याच्याच तिकिटात सर्वांत जास्त बदल होण्याची शक्यता असते. तुझ्या लांबच्या टप्प्याबद्दल माझा अंदाज असा, की विमानाचा प्रकार बदलला असावा आणि नव्या विमानात बिझनेसच्या जागा कमी असाव्यात. कोणाला खाली उतरवायचे असे ठरवताना माइल्सवाला प्रवासी रांगेत पुढे असतो, हे कंपन्या बोलून दाखवत नाहीत इतकेच. उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो तुझ्या जुन्या पावतीशी ताडून पाहा.

आता कोणाला फोन करायचा, हा प्रश्न. तिकिटाचा तेरा अंकी क्रमांक शोध आणि त्याचे पहिले तीन अंक पाहा. ०१६ असेल तर तिकीट युनायटेडने दिलेले आहे, ०१४ असेल तर एअर कॅनडाने, २२० म्हणजे लुफ्तान्सा, ६१८ म्हणजे सिंगापूर एअरलाइन्स. ज्याने तिकीट दिले, म्हणजे ज्याने तुझे माइल्स घेतले, तिकिटाचा मालक तोच; विमान कोणाचेही असो. पण गुंता असा, की बदल केला आहे तो विमान चालवणाऱ्या कंपनीने, आणि जागेची किल्लीही तिच्याकडेच आहे. त्यामुळे एक म्हणतो ‘त्यांनी जागा उघडली तर आम्ही तिकीट बदलू’ आणि दुसरा म्हणतो ‘तिकीट त्यांचे आहे, त्यांना विचारा’. या टोलवाटोलवीत माणूस तासन्‌तास होल्डवरचे संगीत ऐकत बसतो. यावर मला सापडलेला मार्ग एवढाच: आधी विमान चालवणाऱ्या कंपनीला विचारावे, की मूळ केबिनमध्ये कोणत्या उड्डाणावर बसवायला ती तयार आहे, आणि मग ते उत्तर, वार आणि वेळेसह, तिकीट देणाऱ्याच्या कानावर घालावे. त्या कंपनीकडे तुझा पीएनआर वेगळा असतो; तो मागून घे, म्हणजे जागांचा नकाशा तुला स्वतःला पाहता येईल आणि कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागणार नाही.

फोन लावण्यापूर्वी मात्र उत्तर तुझ्या हातात तयार हवे. ‘काहीतरी करा ना’ असे म्हणणाऱ्याला एजंट पडद्यावर जे पहिले दिसते ते देतो, आणि ते पहाटे तीनला सुटणारे, दोन थांब्यांचे काहीतरी असते. तू उड्डाण क्रमांक आणि तारखा कागदावर लिहून ठेव: त्याच दिवशीचे त्याच कंपनीचे दुसरे विमान, मग आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीचे, मग दुसऱ्या थांब्यावरून जाणारे, आणि अगदी शेवटी भागीदार कंपनीचे. बोलताना ‘मला बदल हवा आहे’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नकोस, कारण ते ऐकताच समोरचा ऐच्छिक बदलाचा पडदा उघडतो आणि शुल्क व फरकाचे माइल्स मागू लागतो. ‘तुमच्या वेळापत्रकातील बदलामुळे माझे कनेक्शन तुटले आहे आणि माझी केबिन गेली आहे; मला मूळ केबिनमध्ये या उड्डाणावर घ्या’, असे म्हण. एजंटने नकार दिला तर वाद घालत बसू नकोस. आभार मानून फोन ठेव आणि थोड्या वेळाने पुन्हा लाव. एकाच नियमपुस्तकाचे दोन एजंट दोन अर्थ लावतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे. आणखी एक: तुम्हा दोघांच्या जागा मिळवण्यासाठी बुकिंग दोन भागांत तोडू का, असे विचारले जाईल. दोन्ही जागा पक्क्या दिसत असल्याशिवाय होकार देऊ नकोस. नाहीतर वहिनी बिझनेसमध्ये आणि तू मागे, असे व्हायचे. वहिनींची त्याला हरकत नसेल, पण तुझी असेल.

यानंतरची गोष्ट मी स्वतः ठेच खाऊन शिकलो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या अवॉर्ड बुकिंगमध्ये असाच बदल झाला होता. मी पाऊण तास बोललो, मनासारखे विमान मिळाले, नव्या वेळेचा ईमेल आला, ॲपमध्ये जागेचा क्रमांकही दिसू लागला, आणि मी निश्चिंत झालो. प्रवासाच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘तुमचे रिझर्व्हेशन आहे, पण तिकीट नाही.’ मला ते वाक्य कळायलाच मिनिटभर गेले. रिझर्व्हेशन म्हणजे विमानातली राखलेली जागा आणि तिकीट म्हणजे त्या जागेचे चुकते झालेले मोल. या दोन नोंदी वेगळ्या असतात आणि एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलतेच असे नाही. एजंटने माझी जागा हलवली होती, परंतु तिकीट नव्याने काढण्याचे, म्हणजे रीइश्यूचे काम कोणा दुसऱ्या विभागाच्या रांगेत टाकले होते, आणि ते तिथे पाच आठवडे पडून राहिले. जुने तिकीट जुन्याच उड्डाणाकडे बोट दाखवत होते. तिकीट देणाऱ्या कंपनीचे कार्यालय त्या वेळी बंद होते. फोनवर दीड तास गेला, चेक-इन बंद होण्याच्या अकरा मिनिटे आधी नवा क्रमांक उमटला, आणि तोवर माझी खिडकीजवळची जागा दुसऱ्या कोणाला दिली गेली होती. केबिन वाचली, हेच नशीब.

म्हणून फोन ठेवण्यापूर्वी ‘तिकीट रीइश्यू झाले का?’ हे स्पष्ट विचार. पुष्कळदा रीइश्यू होताच तिकिटाचा क्रमांक बदलतो, आणि नवी ई-तिकीट पावती येते. दोन दिवसांत ती आली नाही, तर पुन्हा फोन कर. एजंट बोलण्याच्या ओघात ‘एचके’ म्हणाला तर जागा पक्की. ‘टीके’ म्हणाला तर वेळ बदलली आहे आणि तो बदल अजून तिकिटावर उतरायचा आहे. ‘यूएन’ म्हणजे ते उड्डाणच आता नाही. जुन्या पावतीची प्रतही जपून ठेव, कारण बदल झाल्यावर मूळ केबिन कोणती होती याचा माग ॲपमध्ये राहत नाही.

कायद्याबद्दल तू विचारले आहेस. तुझे एखादे उड्डाण युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटत असेल, तर २६१/२००४ हा तिथला नियम लागू होतो, आणि माइल्सवरची तिकिटे त्यात येतात हे त्या नियमातच लिहिलेले आहे. खालच्या वर्गात बसवल्यास तिकिटाच्या किमतीचा ३०, ५० किंवा ७५ टक्के भाग सात दिवसांत परत करावा लागतो. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या बहुतेक उड्डाणांना ७५ टक्के. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खालचा वर्ग देणे हा ‘मोठा बदल’ मानला जातो आणि तो नाकारणाऱ्याला परतावा मिळतो. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ मध्ये खालच्या वर्गात बसवलेल्या प्रवाशासाठी ३० ते ७५ टक्क्यांचा नियम केला, तो आंतरराष्ट्रीय उड्डाणांना अंतराप्रमाणे लागतो. खरे सांगू का, माइल्सच्या तिकिटाची ‘किंमत’ किती, यावर कंपनीशी घासाघीस करण्यात जो वेळ जातो तो पाहता, मी हे नियम शेवटचे हत्यार म्हणून ठेवतो. रात्रभर आडवे होऊन झोपता यावे म्हणून आपण ते माइल्स साठवलेले असतात. टक्क्यांवर झोपता येत नाही.

एवढी घाई कशाला, प्रवासाला अजून चार महिने आहेत, असे तुझ्या मनात येईल. केवळ वेळ बदलली असती, तर मीही तुला थांब म्हटले असते, कारण पुढचा बदल तुझ्या फायद्याचा ठरू शकतो. पण केबिन गेली आहे, आणि तुझ्यासारखेच खाली उतरवलेले इतर प्रवासी त्याच मोजक्या जागांमागे लागले असतील. शिवाय सूचनेच्या तळाशी उत्तराची मुदत दिली आहे का ते पाहा. मुदत उलटली की काही कंपन्या परस्पर निर्णय घेऊन मोकळ्या होतात. तेव्हा बटण दाबू नकोस, पण याच आठवड्यात फोन कर.

उलट टपाली मला तुझ्या तिकिटाचे पहिले तीन अंक, दोन्ही टप्प्यांचे उड्डाण क्रमांक आणि तुम्ही किती दिवस मागेपुढे सरकू शकता, एवढे कळव. पर्यायी उड्डाणांची यादी मी रविवारपर्यंत करून ठेवतो. त्यात शक्यतो बिझनेसच्या प्रत्येक रांगेत एक-दोन-एक अशी जागांची रचना असलेलीच विमाने घेईन, म्हणजे मधल्या दोन जागा तुम्हाला शेजारी-शेजारी मिळतील. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र