काका, घबाड दाखवलंत!

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

वाचनालयाच्या बाकावर तुम्ही मला अर्धा तास दिलात, त्याबद्दल हे पत्र. तुमचं नाव विचारायचंच राहिलं, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सातवीतल्या एका मुलानं विचारलं होतं, "बाई, घबाड म्हणजे लाचेचे पैसे ना?" त्याची काय चूक? 'छाप्यात सापडले घबाड' हेच तो रोज वाचतो. मी सांगितलं, "अचानक हाती लागलेला मोठा पैसा." पण शब्द आला कुठून, ते मला सांगता येईना. ग्रंथपालबाईंशी तेच बोलत होते, आणि तुम्ही पिशवीतून पंचांग काढलंत.

त्या पानावरचं तुमचं बोट अजून दिसतं. बारीक अक्षरात 'घबाड' आणि पुढे वेळ! इतकी वर्षं घरात भिंतीला पंचांग टांगलेलं, पण तो शब्द माझ्या नजरेला कधी पडला नव्हता. घबाड हा मुहूर्त आहे, लाभाची वेळ, हे मला तेव्हा कळलं.

मग पावतीच्या पाठीमागे तुम्ही गणित मांडलंत. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या आकड्याला ३ ने गुणायचं, त्यात शुद्ध प्रतिपदेपासूनची तिथी मिळवायची आणि ७ ने भागायचं. बाकी ३ उरली की घबाड. सूर्य अश्विनीत, चंद्र पुष्यात, म्हणजे आठवं नक्षत्र. आठ त्रिक चोवीस. शुद्ध सप्तमीचे सात मिळवले, एकतीस. सात चोक अठ्ठावीस, बाकी तीन. "आलं बघा घबाड!" म्हणताना तुम्हाला झालेला आनंद मी तसाच्या तसा वर्गात नेला.

मुहूर्तावर कुणाचा विश्वास असो-नसो, मला त्या शब्दाची फार काळजी वाटत होती. ज्या वेळेला हात घातलेल्या कामात यश येतं म्हणून माणसं वाट बघायची, तिचं नाव नोटांच्या बंडलांना चिकटलं होतं. माझ्या एकोणचाळीस मुलांपुरतं तरी ते तुम्ही सोडवलंत.

ती पावती मी शब्दकोशात जपून ठेवली आहे. त्याच मुलानं आता पंचांगातून 'यमघंट' शोधून आणलाय. त्यासाठी एकदा तुम्हीच वर्गात यावं, ही विनंती. शनिवारी सकाळची शाळा असते.

आपली,
सातवी 'ब'च्या बाई