कुंपणाची रोपं विकत न आणता छाटणीच्या काड्यांपासून करू

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
लातूर

विषय : मागच्या कुंपणासाठी कोयनेलची रोपं सोसायटीतच तयार करण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

मागच्या तारेला लागून झाडांची दाट रांग लावायचं ठरलं, याचा मनापासून आनंद झाला. फक्त रोपांची ऑर्डर देण्याआधी एक विनंती आहे. गेटजवळच्या कोयनेलची छाटणी दर पावसाळ्याच्या तोंडावर होते आणि सगळा पाला घंटागाडीत जातो. आपल्याला लागणारी रोपं त्या पाल्यातूनच होतील. शिवाय छाट कलमाची, म्हणजे कापलेली काडी मातीत रोवून केलेली, रोपं मूळ झाडासारखीच निघतात, त्यामुळे रांग एकसारखी वाढते.

काम सोपं आहे, पण नीट व्हायला हवं. पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नाही आणि फार जूनही नाही, अशी फांदी घ्यायची. ऊन चढण्याआधी तिच्या वीतभर काड्या कापायच्या. खालचा काप पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, अगदी खाली घ्यायचा, कारण मुळ्या बहुतेक तिथूनच फुटतात. वरची दोन-चार पानं ठेवायची, तीही अर्धी कापून. मुळ्या नसताना पूर्ण पानं राहिली तर काडी सुकते. दोन पेरं मातीत गेली पाहिजेत, आणि शेंड्याची बाजू वरच राहिली पाहिजे.

आपली काळी माती मात्र नुसती वापरू नये, एवढं माळीदादांना आवर्जून सांगावं. पावसात ती चिकटून बसते, हवा खेळत नाही आणि काडी बुडाशी काळी पडून कुजते. निम्मी वाळू आणि थोडं गांडूळखत मिसळलं की भागतं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या घरोघरी आहेतच. खाली भोकं पाडली की झालं.

काही दिवसांत कोंब फुटतील, तेव्हा कुणी घाई करू नये. हे कोंब काडीतल्या अन्नसाठ्यावर येतात, मुळ्या मागून येतात. उपटून पाहिलं तर नुकती फुटलेली मुळी तुटते. महिना-दीड महिन्यानं पिशवीच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली, की रोप तयार झालं समजावं.

बैठकीत काहींनी कण्हेर सुचवली होती. ती पाण्याविना तग धरते हे खरं, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि मागच्या बाजूला आपली मुलं खेळतात. त्यामुळे माझा तिला स्पष्ट विरोध आहे. कोयनेल मुळात समुद्रकाठचं झाड, त्यामुळे बोअरचं क्षाराचं पाणी त्याला चालतं. पाला कडू असल्यानं शेळ्या तोंड लावत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या शहरात, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगवावं लागेल असं झाड लावणं मला पटत नाही.

रोपं जमिनीत उत्तरा-हस्ताच्या पावसात लावू. फूटभर अंतरानं दोन ओळी, दुसरीतलं रोप पहिलीतल्या दोघांच्या मधे. रोपं रुजली की ती वीतभर उंचीवर छाटायची. वाढतं झाड छाटायला जीव होत नाही, पण तेव्हा टाळलं तर बुडाशी फांद्या फुटत नाहीत आणि शेळ्या नेमक्या तिथूनच आत शिरतात.

समितीकडून एवढंच हवंय : छाटलेल्या फांद्या टाकून न देता माझ्याकडे द्याव्यात, पार्किंगमागची सावलीची जागा हस्तापर्यंत वापरू द्यावी आणि दहा-बारा घमेली वाळू मिळावी. रोज पाणी घालण्याची जबाबदारी माझी. माळीदादा येत्या रविवारी छाटणी करणार असल्याचं कळलं, म्हणून त्याआधी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक सभासद, बी विंग