साडेतीननंतर जेवायला येणारी मुलं

महोदय,

गेल्या बुधवारी तुमचा अंक उघडला तर आतून एक पिवळं पत्रक खाली पडलं. ‘डिग्रीत वर्षं घालवू नका, पंचेचाळीस दिवसांत फुलटाइम ट्रेडर व्हा.’ बाजूला गाडीला टेकून उभ्या एका तरुणाचा फोटो. हे तुम्ही छापलेलं नाही, वाटणाऱ्याने आत सारलं असणार, एवढं मला कळतं. तरी तुमच्या पेपरातून घरात आलं म्हणून तुम्हालाच लिहिते.

नारायण पेठेत माझी खाणावळ आहे. यंदा एकोणीस वर्षं झाली. दुपारची वेळ साडेबारा ते अडीच. अलीकडे काही मुलं पावणेचारला उगवतात आणि विचारतात, “काकू, काही उरलंय का?” आधी वाटलं, प्रॅक्टिकल असतील. मग उलगडा झाला, मुलं शेअर मार्केटमध्ये ट्रेडिंग, म्हणजे रोजची खरेदी-विक्री करतात. मार्केट सव्वानऊला उघडतं, साडेतीनला बंद होतं, आणि तोवर ही मुलं खोलीतून हलत नाहीत. कॉलेजची वेळही तीच. म्हणजे ‘कॉलेज सोडलं’ असं घरी सांगायच्या कितीतरी आधी ते सुटलेलं असतं.

आठवड्याच्या सौद्यांची मुदत संपते त्या, म्हणजे एक्स्पायरीच्या दिवशी तर मी पोळ्याच कमी लाटायला सांगते. हा वार पूर्वी गुरुवार होता. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टी या निर्देशांकाची एक्स्पायरी मंगळवारी आली, तसा माझा कणकेचा अंदाजही दोन दिवस अलीकडे सरकला. ऑप्शन म्हणजे बाजार ठरावीक आकड्याच्या वर जाईल की खाली, यावरचा मुदतीचा सौदा. त्या दिवशी तो दीड-दोन हजारांतही मिळतो. मुलं त्याला ‘हीरो-झीरो’ म्हणतात. लागला तर दुप्पट-चौपट, नाही तर साडेतीनला शून्य. आमच्या धंद्यात उरलेल्या भाताचा निदान रात्री फोडणीचा भात होतो.

माझा मुलगा सीएच्या ऑफिसात आहे. त्याने शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल मला वाचून दाखवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे अशा मुदतीच्या सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखापेक्षा जास्त नफा उरला तो फक्त १ टक्का लोकांना. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. पण माझं मन अडकलं ते वेगळ्याच आकड्यात. त्या एका वर्षात माणशी सरासरी २६ हजार रुपये नुसते ब्रोकरेज, कर आणि शुल्कात गेले. माझ्याकडे दोन वेळचं जेवण महिन्याला ३,२०० रुपये. म्हणजे आठ महिन्यांचं जेवण नुसतं या खर्चात! आणि सौद्यात समोर कोण बसलंय? मोठ्या कंपन्या आणि परदेशी गुंतवणूकदार. त्यांचा बहुतेक नफा कॉम्प्युटरने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला, असं त्याच अहवालात आहे. आमचा बंड्या त्यांच्यासमोर हॉस्टेलच्या वायफायवर.

एका मुलाचं सांगते. नाव-गाव सांगणार नाही. बीकॉमला होता. पहिल्या वर्षी मोबाइलवर पोकर खेळायचा, जिंकला की सगळ्यांना ताक पाजायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले. “बरं झालं,” मी म्हटलं. तो हसला. “काकू, मी आता ऑप्शनमध्ये आलोय. हा जुगार नाही, स्किल आहे.” दिवाळीत पेढे आणले, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. संक्रांतीला म्हणाला, एकच वेळ चालू ठेवा. फेब्रुवारीत यायचा बंद झाला.

मार्चमध्ये त्याचे वडील आले. पोराचा फोन लागेना म्हणून. जेवले, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं आणि विचारलं, “ताई, पोरगं वेळेवर जेवतंय ना?” मी हो म्हटलं. का म्हटलं, कुणास ठाऊक. त्या ‘हो’ची मला अजून लाज वाटते. पुढे कळलं की त्याने चौथ्या सेमिस्टरचा परीक्षा अर्जच भरला नव्हता. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षं पुरी करून, नियमाप्रमाणे बाहेर पडलं तर पदविका मिळते, श्रेयांक (क्रेडिट) जमा राहतात, पुन्हा येता येतं. तीन-चार महिन्यांचा प्रश्न होता फक्त.

मी मार्केटच्या विरोधात नाही. माझी स्वतःची एसआयपी आहे, दरमहा थोडे पैसे फंडात टाकते. माझ्याकडे जेवून गेलेला एक जण ट्रेडिंगमध्ये खरंच कमावतो. पण तो आधी पास झाला, नोकरी धरली आणि दोन वर्षं वहीत रोजचा हिशेब लिहीत होता, तोट्यासकट. बाकीची मुलं मला स्क्रीनशॉट दाखवतात. स्क्रीनशॉट कायम हिरवाच, म्हणजे नफ्याचाच असतो, हो!

म्हणून आईवडिलांना एवढंच सांगायचंय. पोरगं म्हणालं ‘कॉलेज सोडून हेच करतो’, तर आरडाओरडा करू नका. ब्रोकरच्या अ‍ॅपवर पूर्ण वर्षाचं पी अँड एल, म्हणजे नफ्या-तोट्याचं पत्रक निघतं, शुल्कासकट. ते समोर बसून काढायला लावा. त्यात त्याचं महिन्याचं जेवण सुटतंय का बघा, भाडं नंतर. खाणावळ वाढवायची म्हटली तरी बँक मला तीन वर्षांचे हिशेब मागते.

आणि तुम्हाला विनंती, अंकात पत्रकं टाकणाऱ्यांना एकदा विचारा. ते पिवळं पत्रक सोबत जोडलंय. मागच्या बाजूला मंगळवारच्या पोळ्यांचा हिशेब लिहिलाय, तिकडे दुर्लक्ष करावं.

आपली,
एक खाणावळवाली, नारायण पेठ, पुणे
(नाव छापू नये, मुलं ओळखतील.)