तू राहायला येण्याआधी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू येऊन राहणार म्हणालास, बरं वाटलं. त्याआधी हे वाचून ठेव. आजाराचं नाव पार्किन्सन, म्हणजे कंपवात, एवढं तुला माहीत आहे. पण नाव कळलं म्हणून घरात काय करायचं ते कळत नाही. आणि ऐन वेळी मी सांगू शकेन असंही नाही, कारण नेमका तेव्हाच आवाज फुटत नसतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा आजार दिवसागणिक नाही, तासागणिक बदलतो. अकरा वाजता मी माझी वेणी माझ्या हाताने घालेन आणि दीड वाजता मला खुर्चीतून उठता येणार नाही. अशा वेळी ‘अगं, मघाशी तर जमत होतं’ हे वाक्य तुझ्या तोंडाशी येईल. ते गिळून टाक. मघाशी गोळी चढलेली होती, आता उतरली आहे, एवढंच झालेलं असतं.

मेंदूच्या आत खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा भाग आहे. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि या आजारात त्या हळूहळू मरतात. हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, हात थरथरतो, हे डोळ्यांना दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. नुसतं डोपामिन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. तो आत जाऊन डोपामिन होतो. गोळीतला कार्बिडोपा त्याला मेंदूबाहेरच खर्च होऊ देत नाही, नाहीतर मळमळीशिवाय हाती काही लागायचं नाही. पण लेव्होडोपा रक्तात टिकत नाही, दीड तासाच्या आसपास निम्मा होतो. सुरुवातीची वर्षं उरलेल्या पेशी तो साठवून पुरवून वापरतात. पेशी आणखी घटल्या की साठवण संपते आणि माणूस गोळीबरोबर चढायला-उतरायला लागतो. डॉक्टर याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. घरातही हेच शब्द वापर, सोपं पडतं.

त्यामुळे दहाची गोळी दहालाच द्यायची. पाहुणे आले, फोन वाजला, मी झोपले होते, यातलं कुठलंही कारण पुरेसं नाही. पेलाभर पाण्याबरोबर, जेवणाआधी निदान अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने. लेव्होडोपा आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं एकाच दारातून आत जातात, आतड्यातही आणि मेंदूच्या उंबरठ्यावरही. दाराशी गर्दी झाली की गोळी बाहेर तिष्ठत बसते. म्हणून ‘घेतली तरी चढलीच नाही’ असं झालं तर आधी ती कशाबरोबर घेतली ते आठव. दुधाबरोबर तर देऊच नकोस. मात्र प्रथिनं तोडायची नाहीत, वजन उतरतं आणि ताकदही जाते. त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ठेवला की दिवसाच्या गोळ्या बऱ्या चालतात. लोहाची गोळी किमान दोन तास लांब ठेव, ती लेव्होडोपाला बांधून ठेवते. पोट साफ नसेल तरी गोळी उशिरा चढते. पाणी, चोथा, रोजचं चालणं आणि लागलं तर डॉक्टरांनी दिलेलं रेचक, याला औषधाइतकंच औषध समज.

एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा दे. पुढची अगदी जवळ आली असेल तर ती वेळेवर दे, पण दोन एकदम नकोत. दीर्घकाळ चालणारी गोळी कुटायची किंवा चावायची नाही, सगळा डोस एकदम सुटतो. आणि कुणी कितीही सुचवलं तरी औषध एकाएकी बंद करायचं नाही. अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, शुद्ध हरपते, जिवावर बेततं. खाजकुयलीच्या बियांची पूड ‘नैसर्गिक आहे, घ्या’ म्हणून कुणी आणून देईल. तिच्यात खराखुरा लेव्होडोपाच असतो, फक्त किती ते त्या पुडीलाच ठाऊक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोळी पूर्ण चढलेली असताना माझी मान आणि खांदे डुलायला लागले तर त्याला कंप समजू नकोस. कंप हात निवांत मांडीवर असताना येतो आणि हात कामाला लागला की बराचसा थांबतो. हे डुलणं नागमोडी असतं. ते औषधाचं आहे, आजाराचं नाही. बघणाऱ्याला भयंकर वाटतं, पण मला बहुतेक वेळा ताठरून पडण्यापेक्षा ते परवडतं. तुझ्या मनाने डोस कमी करू नकोस. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस दर अर्ध्या तासाला एका वहीत ऑन, ऑफ की डुलणं एवढंच लिही, शेजारी गोळीची आणि जेवणाची वेळ. डॉक्टरांसमोर दहा मिनिटांत जे दिसतं त्यापेक्षा या वहीतून त्यांना पुष्कळ जास्त कळतं.

आता पाय चिकटण्याचं. हे नीट वाच, कारण पडणं बहुतेक इथेच होतं. दारात, वळताना, अरुंद जागेत, खुर्ची हातभर अंतरावर असताना, आणि कुणी ‘चल लवकर’ म्हटलं की हमखास, पाय जमिनीला खिळतात. कमरेच्या वरचं अंग पुढे निघालेलं असतं आणि पाय मागेच. त्या क्षणी हात धरून ओढलंस तर मी तोंडावर पडणार. मागून ढकललंस तरी तेच.

ओढण्याऐवजी शेजारी उभा राहा आणि शांतपणे ‘थांब’ म्हण. मला सरळ उभी राहू दे, दोन्ही टाचा टेकू देत. मग वजन डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असं झुलवायचं. त्यानंतर ‘एक, दोन’ मोज आणि ‘तीन’ला मी मोठं पाऊल टाकीन. तरीही निघालं नाही, तर तुझं पाऊल माझ्या पावलापुढे आडवं ठेव. ते ओलांडायचं ठरवलं की पाय उचलला जातो. नवल वाटेल, पण कारण आहे. आपोआप होणाऱ्या हालचालीची वाट बिघडलेली असते, नजरेने किंवा तालाने ठरवून केलेल्या हालचालीची बरीच शाबूत असते. म्हणूनच सपाट फरशीवर अडणारा माणूस जिना चढून जातो. दाराशी जमिनीवर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटव, साधारण दीड-दीड फुटावर, दाराच्या अलीकडून पलीकडपर्यंत. फक्त उंबऱ्यावर एकच पट्टी लावली तर तिथपर्यंत येऊन पुन्हा अडायला होतं.

वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. चालताना माझ्याशी बोलू नकोस आणि माझ्या हातात पेला देऊ नकोस. दोन कामं एकदम आली की पाय हरतात. पायपुसणी, सैल चपला, जमिनीवरून गेलेल्या वायरी हे सगळं तू आलास की पहिल्याच दिवशी काढ.

खुर्चीतून उठवतानाही काखेत हात घालून उचलायचं नाही, खांदा दुखावतो. मी पुढे सरकून कडेला येते, पाय गुडघ्यांच्या जरा मागे घेते, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकते आणि हातांवर जोर देऊन उठते. वाकणं कमी पडलं की मागे धपकन बसायला होतं. तू फक्त ‘अजून वाक’ म्हण. खुर्ची उंच, घट्ट आणि हाताची हवी. मऊ सोफा म्हणजे सापळाच. रात्री कूस वळायची असेल तर गुडघे वाकवून तळवे गादीवर, आधी मान वळवायची, मग हात, मग गुडघे त्या बाजूला सोडायचे. कंबर आपोआप येते. कमरेखाली गुळगुळीत कापडाची पट्टी असली तर सोपं जातं, मात्र पलंगाच्या कडेला ते कापड नको, घसरायला होईल.

उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली तर तो रक्तदाबाचा खेळ. आडवं असताना एकदा मोज, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळव. बिछान्यातून उठताना मिनिटभर कडेला बसायचं, हे मोजमाप न करताही पाळ.

माझा चेहरा तुला रागावलेला वाटेल. चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, पापण्या कमी लवतात. मी रागावलेली नसते. असले तर सांगेन. आवाजाचं आणखी गमतीदार आहे. मला माझा आवाज ठीक वाटतो आणि तुला पुटपुट ऐकू येते, कारण स्वतःचा आवाज मोजण्याचं मापच बिघडलेलं असतं. ‘काय?’ असं चारदा विचारण्यापेक्षा ‘मोठ्याने’ एवढंच म्हण. प्रश्न विचारलास की मनात दहापर्यंत मोज. उत्तर येत असतं, त्याला वेळ लागतो. माझं वाक्य तू पूर्ण करू नकोस, आणि डॉक्टरांनी मला विचारलेल्याचं उत्तर तू देऊ नकोस.

जेवण शक्यतो ऑन असताना. ताठ बसून, हनुवटी किंचित खाली, घास लहान, समोर टीव्ही नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. लाळ गळते ती जास्त होते म्हणून नव्हे, आपसूक गिळणं कमी होतं म्हणून. पाणी पिताना खोकला येऊ लागला किंवा जेवणानंतर आवाज ओला, घरघरता वाटला तर अन्न श्वासनलिकेकडे जातंय असं समज आणि गिळण्याची तपासणी करून घे. हे पुढे ढकलायचं काम नाही, यातून न्यूमोनिया होतो.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचं वर्णन लिहिलं, तेव्हा संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात असं म्हटलं होतं. बाकी वर्णन आजही चपखल बसतं, एवढं एक पुरतं खरं ठरलं नाही. विचार मंदावतो. कशातच मन लागत नाही, आणि ते आळसाने नव्हे. डोपामिनचा उत्साहाशीही संबंध आहे. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं होतं, तेव्हा उशाजवळचा दिवा आणि काचेच्या वस्तू लांब ठेव. कधी खोलीत कुणी माणूस किंवा मांजर दिसेल मला. वाद घालू नकोस, हो-ला हो सुद्धा नको. दिवा लाव, ‘मला दिसत नाही, पण तुला दिसतंय ना’ म्हण, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांग. औषधाची मात्रा बदलून हे पुष्कळदा आटोक्यात येतं.

आणखी एक, हे लिहायला जरा अवघड आहे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या डोपामिनची नक्कल करणाऱ्या जातीच्या औषधांनी काहींना खरेदीची, जुगाराची, खाण्याची अनावर ओढ लागते. ज्याला लागते त्याला ती आपली हौसच वाटते. आईच्या पाकिटात डोकावू नये असं तुला वाटेल. मी ही औषधं घेत असेपर्यंत डोकाव.

प्रकृती दोन-चार दिवसांत एकदम ढासळली तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नकोस. हा आजार इतक्या झपाट्याने वाढत नाही. लघवीचा संसर्ग, छातीत कफ, पाणी कमी पडणं, तुंबलेलं पोट, नवीन सुरू झालेलं औषध, हे आधी तपास.

इस्पितळात जावं लागलं तर गोळ्या आणि त्यांच्या वेळांचा कागद बरोबर घे आणि तिथेही त्याच वेळा पाळायचा आग्रह धर. वॉर्डातल्या औषधवाटपाची वेळ वेगळी असते. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन नको, बेचैनी किंवा भ्रमावर हॅलोपेरिडॉल नको. तिन्ही डोपामिनची वाट अडवतात. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन, ही याच आजाराची औषधं, चालू असतील तर पेथिडीन आणि ट्रॅमॅडॉल ही वेदनाशामकं त्यांच्याबरोबर नकोत, हे आधीच सांग. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवणार असतील तर लेव्होडोपाचं काय करायचं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचार.

बटणं मी लावीन. दहा मिनिटं लागतील, लागू देत. तू बाहेर जाऊन बस. घाई असेल त्या दिवशी आधी सांग, मग तू लाव, मला वाईट वाटणार नाही. व्यायाम ऑन असतानाच, रोज, आणि तो चुकवायला मी जी कारणं देईन त्यांतलं एकही मानू नकोस.

अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं, म्हणून हे पत्र टाइप केलं आहे. सहीही तशीच आक्रसते. ज्या कागदांवर माझी सही लागणार आहे ते सगळे या वर्षी उरकून टाकू, सकाळच्या गोळीनंतर तासाभराने बसून. गिळता येईनासं झालं तर पोटात नळी घालायची का, श्वासाचं यंत्र लावायचं का, हेही त्यातच लिहायचं आहे. माझं मत ठरलेलं आहे, तुझे प्रश्न घेऊन ये.

तुझी,
आई