मामा, ड्रम भरल्याबद्दल

मामा,

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. "काय परक्यावानी बोलूलालास रे?" म्हणता आणि फोनच ठेवता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितोय. आता ठेवा फोन.

अंटार्क्टिकातल्या भारताच्या 'भारती' संशोधन स्थानकावर वर्षभर पंप आणि जनरेटर सांभाळायचं काम मिळालं, तेव्हा घरात प्रश्न एकच होता. आई एकटी, गुडघे गेलेले, आणि नळाला पाणी येणार रात्री-अपरात्री कधीतरी. ड्रम कोण भरणार? तुम्ही ओट्यावर चहा पीत बसला होतात. "मी हाय की," म्हणालात आणि बशी खाली ठेवून दुकानाकडं गेलात.

लार्समन टेकड्यांत, अगदी समुद्रकाठी, १३४ कंटेनर जोडून २०१२ साली उभं केलेलं हे स्थानक. जगातलं ७० टक्के गोडं पाणी अंटार्क्टिकावर बर्फ होऊन पडलंय, आणि आम्ही प्यायचो समुद्राचं खारं पाणी गाळून! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात टँकरमागं घागर घेऊन पळणारा मी. मला तिथं नळ नुसता गळताना दिसला तरी झोप यायची नाही.

मे अखेरीस सूर्य मावळला तो जुलैपर्यंत उगवलाच नाही. त्या अंधारात एकदा पंपाचा आवाज बदलला. काटे सगळे जागेवर होते. मी पेचकसाचं टोक पंपाच्या अंगाला लावलं, मूठ कानाला. आत वाळू चावल्यासारखी किरकिर. तुमच्या दुकानात बारा वर्षांचा असताना हेच करायला लावायचात, "बेरिंग आधी बोलतंय, मग मरतंय." बेरिंग वेळेत बदललं. सोबतच्या इंजिनिअरनं विचारलं, हे कुठं शिकलास? सांगितलं, औसा रोडला.

ऑक्टोबरात प्राणी-पक्षी पाहुणे परत आले. वेडेल सील बर्फावर पडलेला असला की हुबेहूब भरलेली पखाल! स्कुआ पक्षी म्हणजे आपली घार, फक्त निर्लज्ज. माझा हातमोजा पळवला तिनं. घरट्याकडं चुकून गेलो की थेट डोक्यावर झडप, म्हणून काठी डोक्याच्या वर धरून चालायचं. ती सगळ्यात उंच टोकावर येते. अ‍ॅडेली पेंग्विन घरट्यासाठी खडे गोळा करतात आणि शेजाऱ्याचं लक्ष नसलं की त्याचा खडा लांबवतात. टँकरच्या रांगेत नंबर म्हणून ठेवलेले दगड आठवले. आपल्या गल्लीत कोण सरकवायचं, ते दोघांनाही माहीत आहे.

त्यांच्या जवळ जायची, खाऊ घालायची मनाई. एक पेंग्विन मात्र मी पाइप तपासत होतो तिथं आपणहून आला, मान वाकडी करून बघत राहिला. मी हात थांबवून गप्प उभा. खोटं नाही सांगत, दुकानात उगीच येऊन बसणारे तुमचे ते दोस्त असेच बघतात.

आईला फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "ड्रम भरलाय." मग तब्येत, मग बाकीचं.

परवा घरी आलो. ड्रमच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं, झाकणावर खडूनं तारखा. जुन्या खोडलेल्या, शेवटची ताजी. दोन तारखांपुढं तुमच्या नातीचं अक्षर आहे, म्हणजे तुम्ही तापात होतात तेव्हाही खंड पडला नाही. हे आईनं मला कळू दिलं नव्हतं.

आता पाणी आलं की तुम्ही उठू नका, नुसती हाक मारा. तुमचाही ड्रम मीच भरणार. आणि तुमच्या मोटरचं बेरिंग बोलूलालंय, काल भिंतीपलीकडून ऐकू आलं.

तुमचा,
शेजारचा पोरगा