गृहमंत्र्यांना खुलं पत्र: गळालेल्या एका केसावर माझा भाऊ जेलमध्ये आहे

मा. गृहमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मागच्या अधिवेशनात तुम्ही सभागृहात सांगितलं होतंत की ज्या जुन्या खटल्यांमध्ये केसाच्या मायक्रोस्कोप तपासणीवर शिक्षा झालीय त्यांची स्वतंत्र समितीकडून फेरतपासणी करू. तुमच्या त्या शब्दावर आम्ही अर्ज केला. काल उत्तर आलं. समिती नेमलेली नाही, नेमण्याचा प्रस्ताव विचाराधीन नाही, आणि माझ्या भावाच्या खटल्यातली केसाची स्लाइड "जागेअभावी नष्ट करण्यात आली आहे". बोटाएवढी काचेची पट्टी असते हो ती. जन्मठेप झालेल्या माणसाचा एकमेव पुरावा ठेवायला तुमच्या खात्याकडे बोटभर जागा नव्हती?

ज्या बाईंच्या खुनासाठी तो आत आहे त्या आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या. एकट्या होत्या, त्यामुळे हा त्यांची औषधं आणून द्यायचा, बल्ब बदलून द्यायचा, संध्याकाळी त्यांच्याच खुर्चीत बसून टीव्ही बघायचा. त्या खुर्चीवरच्या शालीवर एक केस सापडला. कोणी काही पाहिलेलं नाही, हत्यार मिळालं नाही, याच्या कपड्यांवर रक्ताचा ठिपका नाही. पण केस मिळाला आणि तपास तिथेच संपला. माणसाच्या डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळतात साहेब, तुमचे गळतात, न्यायाधीशांचे गळतात, ते खुर्चीवरून शालीवर, शालीवरून दुसऱ्याच्या अंगावर जातात. ज्या घरात माणूस रोज बसतो तिथे त्याचा केस मिळाला नसता तरच नवल होतं.

मी विज्ञान शिकलेली नाही. पण भाऊ आत गेल्यापासून केसाबद्दल जे हाती लागलं ते वाचलंय, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. केसाला तीन थर असतात. बाहेर क्युटिकल, त्याचे पारदर्शक खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले आणि तोंड केसाच्या टोकाकडे. आत कॉर्टेक्स, ज्यात केराटिनचे तंतू आणि रंग देणारं मेलॅनिन असतं. मधोमध मेड्युला, तो कधी सलग, कधी तुटक, कधी नसतोच. माणसाचा मेड्युला केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असतो आणि बहुतेक जनावरांचा निम्म्यापेक्षा जास्त, त्यावरून केस माणसाचा की जनावराचा ते सांगता येतं. डोक्याचा की अंगावरचा, रंगवलेला की नाही, कात्रीने कापलेला की तुटलेला, तेही बऱ्यापैकी कळतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो म्हणून डाय कधी लावला असेल याचा अंदाजसुद्धा बांधतात. हे सगळं खरं आहे आणि मला मान्य आहे. पण केस नेमका कोणाचा, हे मायक्रोस्कोप सांगू शकत नाही. एकाच डोक्यावरचे दोन केस एकमेकांसारखे नसतात, एकाच केसात मेड्युला मध्येच दिसतो आणि मध्येच गायब होतो, आणि दोन वेगळ्या माणसांचे केस शेजारी ठेवले तर फरक सापडत नाही असंही होतं. केस जुळला नाही तर माणूस सुटायला मदत होते. जुळला तर एवढंच म्हणता येतं की या माणसाला वगळता आलं नाही, आणि त्याच्यासोबत आणखी किती हजार माणसांना वगळता आलं नसतं ते कोणी मोजलेलंच नसतं.

आता तो रिपोर्ट बघा. दीड पान आहे. वर ठळक लिहिलंय, "रंग, जाडी, मेड्युलाचे स्वरूप व रंगद्रव्याची मांडणी आरोपीच्या नमुन्याशी जुळते." आणि पार खाली, सहीच्या वर, एक ओळ: "मूळ: टेलोजन अवस्था, ऊतक आढळले नाही." ही ओळ मला कोणी समजावून सांगितली नाही, मी शोधून काढली. केस काही वर्षं वाढतो, ती अ‍ॅनाजन अवस्था. मग मधली काही आठवडे, आणि शेवटी तीनेक महिने तो नुसता अडकून असतो आणि आपोआप गळतो, ती टेलोजन. वाढता केस जोरात उपटला तर मूळ ताणलेलं दिसतं आणि त्याला बऱ्याचदा ऊतक, म्हणजे मुळाभोवतीचा मऊ पेशींचा भाग, चिकटून येतं. टेलोजन केसाचं मूळ आखूड, गोलसर, कोरडं. म्हणजे तो केस बहुतेक आपसूक गळालेला होता. आणि सरकारी वकील कोर्टात काय म्हणाले? झटापटीत बाईंनी आरोपीचे केस ओढले! रिपोर्ट त्यांच्या हातात होता. आमच्या वकिलांनी ती ओळ वाचली नाही, न्यायाधीशांनी वाचली नाही, आणि ज्या तज्ज्ञाने स्वतः लिहिली तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून गप्प बसला.

तुमच्या खात्याला हे नवीन आहे असं सांगू नका. अमेरिकेत एफबीआयच्याच शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलं की मायक्रोस्कोपखाली "जुळलेल्या" ८० केसांची मायटोकॉन्ड्रियल डीएनए (आईकडून येणारा, मूळ नसलेल्या केसातही सापडणारा डीएनए) तपासणी केली तर ९ केस दुसऱ्याच माणसाचे निघाले. शंभरात अकरा. २००९ मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालात आलं की न्यूक्लियर डीएनए (पेशीच्या केंद्रकातला, माणूस नेमका ओळखता येणारा डीएनए) सोबत नसेल तर केसाच्या तुलनेवरून विशिष्ट माणूस ओळखण्याला शास्त्रीय आधार नाही. २०१५ मध्ये एफबीआयने स्वतः कबूल केलं की त्यांच्या २८ पैकी २६ केस-तज्ज्ञांनी कोर्टात चुकीची किंवा फुगवलेली विधानं केली, तोवर तपासलेल्या २६८ खटल्यांत ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी. त्यात मृत्युदंड झालेले ३० च्या वर होते आणि त्यातले कित्येक तोपर्यंत मेलेसुद्धा होते.

वॉशिंग्टनचा सँटे ट्रिबल हा माणूस १९७८ च्या एका खुनासाठी १९८० मध्ये दोषी ठरला. खुन्याने तोंडावर मुखवट्यासारखा चढवलेल्या लांब मोज्यातला एक केस त्याचा म्हणून सांगितला, सरकारी वकिलांनी ज्युरीला ऐकवलं की दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता एक कोटीत एक. २०१२ मध्ये डीएनए झाला. १३ केसांतला एकही त्याचा नव्हता आणि एक तर कुत्र्याचा होता. कुत्र्याचा! २८ वर्षं गेली त्याची. पण शेवटी तो निर्दोष ठरला, कारण ते केस कोणीतरी जपून ठेवले होते. स्लाइडवरची काच सोडवून इतक्या वर्षांनी त्यातून डीएनए काढता आला. या मायटोकॉन्ड्रियल तपासणीला दोनेक सेंटिमीटर केस पुरतो, मूळ लागत नाही. आता तर मूळ नसलेल्या केसातून न्यूक्लियर डीएनए वाचण्याचं तंत्रही कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी काढलंय. जगात विज्ञान इथवर आलं आणि तुम्ही स्लाइड कचऱ्यात टाकली.

आई आता दार वाजलं की आत जाऊन बसते. माझं ठरलेलं लग्न मोडलं, "खुन्याची बहीण" हे मी तोंडावर ऐकलंय. वकिलांच्या फीपायी घर गेलं. भेटीला गेले की भाऊ मला विचारतो, ताई, त्या केसाचं काय झालं? परवाच्या भेटीत त्याला काय सांगू, तुम्हीच सांगा. आणि त्या बाईंचं काय? त्या मला लेकीसारखं वागवायच्या. ज्याने त्यांना मारलं तो बाहेर फिरतोय आणि त्याला कोणी शोधत नाहीये, कारण फाइल बंद झालीय. त्यांच्या मुलाला तरी हे कळायला हवं की त्यालाही फसवलं गेलंय.

मुळात दुखणं मोठं आहे. लॅब पोलिसांच्या खात्याखाली, तज्ज्ञाला आधीच सांगितलेलं की हा आरोपी आहे आणि याचा नमुना आहे, मग त्याला काय दिसणार? नमुन्यांवर नुसते नंबर टाकून का देत नाही? दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे का बघू नये? तज्ज्ञ किती वेळा चुकतो याचा हिशोब का ठेवत नाही? गरिबाच्या वकिलाला स्वतःचा तज्ज्ञ आणायला सरकार पैसे का देत नाही? पोलीस तुमचे, लॅब तुमची, सरकारी वकील तुमचे, आणि सगळं मिळून एका माणसाच्या विरोधात उभं राहतं तेव्हा त्याला "शास्त्रीय पुरावा" म्हणायचं. निवडणुकीच्या सभेत गुन्हे सिद्ध होण्याचं प्रमाण वाढलं म्हणून टाळ्या घेता, त्या टाळ्यांमध्ये माझा भाऊ पण मोजलेला आहे.

समिती नेमा, आणि तिच्यात तुमच्या लॅबचा माणूस नको. केसाची कुठलीही स्लाइड शिक्षा भोगून होईपर्यंत नष्ट करता येणार नाही असा आदेश याच आठवड्यात काढा, कारण तुमच्या गोदामात आज अजून कोणाची तरी स्लाइड शिल्लक असेल आणि ती फेकायची वेळ आली असेल. माझ्या भावाची नष्ट करायला कोणी, कोणत्या तारखेला सही केली ते मला लेखी हवंय. आणि ज्या ज्या निकालात केस "जुळतो" असं लिहून माणूस आत गेलाय त्या सगळ्यांची यादी जाहीर करा. तुमच्याकडे माणसं नसतील तर यादी मला द्या, त्या घरांपर्यंत मी स्वतः जाईन.

एका कैद्याची मोठी बहीण